नव्वद पडले, पण कशातले?

जून महिन्यातली गोष्ट. सीईटीचा निकाल लागून दोन-तीन दिवस झाले होते. राधानगरीकडच्या एका गावातून एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन कोल्हापुरात आमच्याकडे आले. मुलगा खाली मान घालून बसला होता. वडिलांनी निकालाचा कागद पुढे ठेवला आणि विचारलं, "सर, पोराला नव्वद पडल्यात. नव्वद म्हंजे कमी हायत व्हय? मग समदी म्हणत्यात कंप्युटरला नंबर लागायचा न्हाई, ते कसं काय?"

कागदावर ९० पर्सेंटाइल असं लिहिलेलं होतं. वडिलांच्या दृष्टीनं ते नव्वद टक्के होते. दहावीला ७८ टक्के मिळवणाऱ्या पोरानं आता नव्वद मिळवले, म्हणजे त्यानं कष्ट घेतले, हा त्यांचा हिशोब. मुलाला आकडा वेगळा आहे हे कळत होतं, पण तो वेगळा कसा हे त्याला सांगता येत नव्हतं. दोघांच्या मध्ये आठवडाभर अबोला होता. वडिलांना वाटत होतं, पोरगा काहीतरी लपवतोय.

अशी माणसं दरवर्षी भेटतात. आणि खरं सांगायचं तर, आमच्यातल्या अनेक शिक्षकांनाही हा आकडा नीट फोडून सांगता येत नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रवेशाच्या अटी आणि त्यामागचं गणित एकदा सावकाश समजून घेऊ या. नमुन्यासाठी आपण अभियांत्रिकीचा प्रवेश घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच दिसतो.

दोन वेगळ्या अटी

प्रवेशाच्या वाटेवर दोन प्रकारच्या अटी असतात. एक असते पात्रता. दुसरा असतो गुणानुक्रम. या दोन्हींची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो.

कोल्हापूरच्या माणसाला हा फरक पंचगंगेच्या भाषेत लगेच समजतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी रोज सांगितली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. या रेषा ठरलेल्या आहेत. इतर नद्यांना किती पाणी आहे, गेल्या वर्षी किती होतं, याच्याशी त्यांचा संबंध नाही. पाणी रेषेच्या वर आहे की खाली, एवढाच प्रश्न. पात्रता ही अशी रेषा आहे.

पण एखादे आजोबा म्हणतात, "माझ्या हयातीत एवढं पाणी फक्त तीनदा बघितलं." हे मोजमाप वेगळं झालं. इथे फूट आणि इंच नाहीत. इथे आजच्या पुराची तुलना बाकीच्या पुरांशी आहे. गुणानुक्रम हा असा असतो. तुम्ही किती गुण मिळवले यापेक्षा तुमच्या मागे किती जण आहेत, हा तिथला प्रश्न असतो.

पात्रतेची रेषा

महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचा तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. तिसरा विषय रसायनशास्त्र असू शकतो किंवा नियमात दिलेल्या यादीतला दुसरा एखादा. या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांतल्या व दिव्यांग उमेदवारांसाठी ही रेषा ४० टक्क्यांवर आहे. शिवाय सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण हवेत.

इथे 'तीन विषयांत मिळून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक उदाहरण पाहू. खुल्या प्रवर्गातल्या एका मुलीला बारावीला एकूण ६१ टक्के पडले आहेत. मराठीत ८२, इंग्रजीत ७४, जीवशास्त्रात ७८. पण भौतिकशास्त्रात ४२, रसायनशास्त्रात ५२ आणि गणितात ३८. या तीन विषयांची बेरीज १३२. तीनशेपैकी १३२ म्हणजे ४४ टक्के. ती बारावी उत्तीर्ण आहे, प्रत्येक विषयात उत्तीर्ण आहे, तिची एकूण टक्केवारी चांगली आहे. पण ती अभियांत्रिकीला पात्र नाही. सीईटीत तिला ९५ पर्सेंटाइल मिळाले तरीही नाही. तीनशेपैकी तीन गुण कमी पडले आणि दार बंद झालं.

आता तिला गणितात ३८ ऐवजी ४१ मिळाले असते तर? बेरीज १३५ झाली असती. ती बरोबर रेषेवर आली असती. म्हणूनच 'सीईटीचाच अभ्यास कर, बारावी काय पासापुरती' हा सल्ला देताना शिक्षकांनी जपायला हवं. बारावीचे गुण गुणानुक्रमात मोजले जात नसले, तरी दाराची कडी त्यांच्याच हातात असते. सहामाही परीक्षेनंतर प्रत्येक विद्यार्थ्याच्या या तीन विषयांची बेरीज वेगळी काढून वहीत मांडून ठेवावी. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानं एखाद्याचं वर्ष वाचू शकतं.

पात्रतेचा आणखी एक भाग त्याहून आधी ठरतो. अकरावीला विषय निवडताना सोळा वर्षांचा मुलगा 'गणित नको, अवघड जातं' म्हणून ते सोडतो, तेव्हा त्यानं एक दार आपल्या हातानं लावलेलं असतं. वैद्यकीयच्या वाटेवर जीवशास्त्राचं तसंच आहे. ते दार लावू नये असं आमचं म्हणणं नाही. पण आपण दार लावतो आहोत हे त्याला त्या दिवशी कळायला हवं, बारावीनंतर नव्हे.

पर्सेंटाइल म्हणजे काय?

आता नव्वदकडे वळू. पर्सेंटाइलला आपल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांत शततमक असा शब्द आहे. ही कल्पना फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाची. १८८५ साली त्यानं हा शब्द वापरला. माणसांची उंची, हाताची ताकद, दृष्टी अशा गोष्टी मोजून तो त्यांची क्रमवार मांडणी करत असे. एखादा माणूस उंच आहे असं नुसतं म्हणण्यापेक्षा 'शंभरातले नव्वद जण त्याच्याइतके किंवा त्याच्याहून बुटके आहेत' असं म्हणणं त्याला जास्त नेमकं वाटलं.

सीईटीचं सूत्रही हेच आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ती संख्या घ्या. तिला त्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांच्या एकूण संख्येनं भागा आणि शंभरानं गुणा. झाला तुमचा पर्सेंटाइल.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट. पर्सेंटाइलवरून प्रश्नपत्रिकेतलं किती आलं हे कळत नाही. पेपर फार अवघड असेल तर दोनशेपैकी १०० गुणांनाही ९० पर्सेंटाइल मिळू शकतो. सोपा असेल तर १४० गुणांनाही तेवढाच.

दुसरी गोष्ट. १०० पर्सेंटाइल म्हणजे पैकीच्या पैकी गुण नव्हेत. सत्रात जो सर्वांत पुढे, त्याला १००. प्रत्येक सत्राचा एक पहिला असतो, म्हणून दरवर्षी वर्तमानपत्रांत '१०० पर्सेंटाइल'वाल्या मुलामुलींचे अनेक फोटो एकत्र दिसतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ९० पर्सेंटाइल ऐकायला मोठा वाटतो, पण पुढे किती जण आहेत ते पाहा. समजा, परीक्षेला ३ लाख मुलं बसली. ९० पर्सेंटाइल म्हणजे सुमारे दहा टक्के मुलं पुढे, म्हणजे ३० हजार. ९५ म्हणजे १५ हजार पुढे. ९९ म्हणजे ३ हजार पुढे. कोल्हापुरातल्या एखाद्या महाविद्यालयात संगणक शाखेच्या जागा काही दहा-वीस हजार नसतात. राधानगरीच्या त्या काकांना आम्ही हेच सांगितलं. "काका, समजा बिंदू चौकापासून रांग लागलीय. तुमच्या पोराच्या मागं दोन लाख सत्तर हजार माणसं उभी आहेत. ही काही थोडी गोष्ट नाही. पण पुढंही तीस हजार आहेत, आणि पुढचे सगळे कंप्युटरच मागताहेत." काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे पोरगं खोटं बोलत नव्हतं." एवढ्यानंही त्या दिवशी बरंच काम झालं.

सरळ गुणच का देत नाहीत?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. २०१९ पासून महाराष्ट्राची सीईटी संगणकावर घेतली जाते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटासाठी प्रश्न १५०. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, बाकी दोन विषयांच्या ५०-५० प्रश्नांना प्रत्येकी १ गुण. एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. लाखो मुलांसाठी एकाच वेळी एवढे संगणक कुठून आणायचे? म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. आणि दोन प्रश्नपत्रिका तंतोतंत सारख्या अवघड काढणं कोणत्याही परीक्षकाला जमत नाही. आपण सहामाहीचे आणि वार्षिकचे पेपर काढतो, आपल्याला ते ठाऊक आहे.

समजा, सोमवारी सकाळचा पेपर सोपा होता. १०,००० मुलं बसली. एका मुलीला १४० गुण मिळाले. तिच्याइतके किंवा कमी गुण असलेली मुलं ८,५००. तिचा पर्सेंटाइल ८५.

मंगळवारी दुपारचा पेपर अवघड होता. ९,८०० मुलं बसली. एका मुलाला ११८ गुण मिळाले. त्याच्याइतके किंवा कमी गुण असलेली मुलं ८,३३०. भागाकार करून पाहा. त्याचाही पर्सेंटाइल ८५.

मूळ गुणांत २२ चा फरक, पण दोघं एकाच पायरीवर. सरळ गुण लावले असते तर त्या मुलावर अन्याय झाला असता, कारण त्याला मंगळवार मिळाला हा त्याचा दोष नव्हता.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे, ते मात्र लक्षात ठेवायला हवं. सोमवारच्या मुलांचा समूह आणि मंगळवारच्या मुलांचा समूह हे एकूण तयारीच्या दृष्टीनं सारखे आहेत, असं आपण धरतो. सत्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली आणि प्रत्येक सत्रात हजारो मुलं असली, तर हे गृहीतक बरंचसं खरं ठरतं. पोत्यातून दोन मुठी तांदूळ काढले तर एका मुठीत खडे जास्त येऊ शकतात. दोन घमेली काढली तर खड्यांचं प्रमाण जवळपास सारखं येतं. समूह मोठा असण्याचं महत्त्व ते हेच.

'जवळपास सारखं' म्हणजे किती? संख्याशास्त्रात याचा अंदाज काढता येतो. १०,००० मुलांचं सत्र असेल तर केवळ समूह कसा जमला या योगायोगानं ८५ पर्सेंटाइलच्या आसपासचा आकडा साधारण ०.३५ नं इकडेतिकडे हलू शकतो. ९९ च्या आसपास हा हलण्याचा पल्ला सुमारे ०.१ होतो. ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी: प्रमाण ०.८५ आणि उरलेलं ०.१५, यांचा गुणाकार करा, १०,००० नं भागा, वर्गमूळ काढा. उत्तर ०.००३५७ येईल, म्हणजे शंभरात ०.३६.

आता गंमत पाहा. निकालपत्रकात पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत छापलेला असतो. इतकी स्थळं दिली म्हणजे दोन मुलांचे आकडे सारखे येण्याची शक्यता कमी होते आणि रांग लावणं सोपं जातं. तरीही आकडे सारखे आलेच तर आधी गणिताचा, मग भौतिकशास्त्राचा, मग रसायनशास्त्राचा पर्सेंटाइल पाहतात. पण सात स्थळं आहेत म्हणून मोजमाप तेवढं अचूक आहे, असं मुळीच नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर अंगठी ठेवून मिलिग्रॅम वाचण्यासारखं ते आहे. ३ लाखांच्या रांगेत ०.३५ पर्सेंटाइल म्हणजे हजाराच्या वर क्रमांक. तेव्हा ८५.२ मिळवणारा मुलगा ८५.० मिळवणाऱ्या मुलीपेक्षा हुशार आहे, असं या परीक्षेवरून कुणालाच ठामपणे म्हणता येणार नाही. जागा मोजक्या आहेत, रेष कुठेतरी ओढावी लागते, म्हणून ती ओढली जाते. रेषेच्या पलीकडे राहिलेल्या मुलाला घरात आणि वर्गात कोणत्या शब्दांत बोलायचं, हे ठरवताना ही गोष्ट आठवावी.

सरासरी काढू नका

निकालपत्रकात विषयवार पर्सेंटाइल असतात आणि एकूण पर्सेंटाइल वेगळा असतो. विद्यार्थी विषयांची सरासरी काढतात, ती एकूण आकड्याशी जुळत नाही आणि मग 'निकालात चूक झाली' म्हणून घाबरतात. चूक नसते. पाच मुलांचं छोटं उदाहरण घेऊ. गुण शंभरपैकी आहेत.

अनिल: गणित ९०, विज्ञान ४०, एकूण १३०.
बाळू: गणित ८०, विज्ञान ६०, एकूण १४०.
चंदा: गणित ७५, विज्ञान ७५, एकूण १५०.
दीपा: गणित ३५, विज्ञान ९०, एकूण १२५.
इरफान: गणित ६०, विज्ञान ५०, एकूण ११०.

चंदा गणितात तिसरी आहे. तिच्याइतके किंवा कमी गुण असलेले तीन जण (ती स्वतः धरून), म्हणजे पर्सेंटाइल ६०. विज्ञानात ती दुसरी, पर्सेंटाइल ८०. सरासरी ७०. पण एकूण गुणांत ती पहिली, म्हणून तिचा एकूण पर्सेंटाइल १००. एकाही विषयात पहिली नसलेली मुलगी एकूणात पहिली आली. आता इरफानकडे पाहा. दोन्ही विषयांत त्याचा पर्सेंटाइल ४०, पण एकूणात तो शेवटचा, पर्सेंटाइल २०.

असं का होतं? कारण एकूण पर्सेंटाइल हा पर्सेंटाइलांची बेरीज करून काढत नाहीत. आधी मूळ गुणांची बेरीज होते आणि मग त्या बेरजेची रांग लावली जाते. दोन रांगांतल्या जागांची बेरीज करून तिसऱ्या रांगेतली जागा कळत नाही. सर्व विषयांत बऱ्यापैकी असलेल्या मुलाला याचा बहुधा फायदा होतो, कारण सगळीकडे चांगली असणारी मुलं कमी असतात.

पसंतीक्रम कसा भरायचा?

पर्सेंटाइल हातात आला. आता महाविद्यालयांची आणि शाखांची यादी पसंतीच्या क्रमानं भरायची. इथे मुलं सर्वांत जास्त चुका करतात. त्यामागे एक समज असतो: 'मोठ्या कॉलेजचं नाव पहिलं टाकलं आणि ते मिळालं नाही, तर दुसऱ्या कॉलेजात त्याला पहिली पसंती देणारे आपल्या पुढे जातात.' हा समज खोटा आहे. का, ते पाहू.

जागावाटप ढोबळमानानं असं चालतं. गुणानुक्रमानं पहिला उमेदवार घ्या. त्याच्या यादीतली शिल्लक असलेली सर्वांत वरची जागा त्याला द्या. मग दुसरा घ्या. मग तिसरा. आरक्षणामुळे प्रत्यक्षात जागांचे अनेक गट असतात, पण तत्त्व तेच.

समजा, कोल्हापूर, इचलकरंजी आणि वारणानगर इथे एका शाखेची प्रत्येकी एकच जागा उरली आहे. तीन उमेदवार: पहिलीला ९५, दुसऱ्याला ९३, तिसरीला ९१. पहिलीनं कोल्हापूर मागितलं, तिला मिळालं. दुसऱ्याच्या यादीत कोल्हापूर, इचलकरंजी, वारणानगर असा क्रम आहे. कोल्हापूर संपलं, म्हणून त्याला इचलकरंजी मिळालं. तिसरीनं इचलकरंजीला पहिली पसंती दिली होती, तरी ती त्याच्या पुढे गेली नाही. कारण यंत्र आधी गुणानुक्रम पाहतं, नंतर पसंती. तिला तिच्या यादीतलं पुढचं, म्हणजे वारणानगर मिळेल.

आता दुसऱ्यानं घाबरून 'आपलं वारणानगरच बरं' म्हणून ते नाव पहिलं टाकलं असतं तर? त्याला वारणानगर मिळालं असतं आणि मनातलं इचलकरंजी तिसरीला गेलं असतं. आणि ऐनवेळी पहिलीला बाहेर दुसरीकडे प्रवेश मिळून ती यादीतूनच गेली असती, तर कोल्हापूरसुद्धा त्याच्याच वाट्याला आलं असतं. भीतीपोटी बदललेल्या क्रमानं त्याचा फायदा कधीच झाला नसता. झालं असतं तर नुकसानच.

तेव्हा नियम सोपा आहे: मनातला खरा क्रम भरा. हा नुसता उपदेश नाही, हे गणितानं सिद्ध करता येतं. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली विद्यार्थी आणि महाविद्यालयं यांच्या जोड्या कशा लावाव्यात यावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यातून पुढे एक अख्खी अभ्यासशाखा उभी राहिली. २०१२ साली शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. चांगली वाटपपद्धत कोणती? जिच्यात खरं सांगणाऱ्याचं नुकसान होत नाही ती, हा त्या अभ्यासातला एक मोठा धागा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. वाटपाच्या अनेक फेऱ्या असतात आणि यादीतल्या वरच्या पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरून पुढच्या फेऱ्यांतून नाव कमी होतं. किती वरच्या पसंतीपर्यंत असं होतं, हे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. म्हणून जे नको आहे ते 'असू दे' म्हणून वर टाकू नये.

आणि कट-ऑफबद्दल दोन शब्द. गेल्या वर्षी अमुक शाखा ९४ ला बंद झाली, म्हणजे ९४ ही तिथली अट होती असं नव्हे. शेवटचा प्रवेश मिळालेला विद्यार्थी ९४ चा होता, एवढीच ती बातमी. यंदा मागणी बदलली की ती रेषाही हलते. पात्रतेची रेषा नियमानं आखलेली असते. कट-ऑफची रेषा पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या खुणेसारखी असते.

कागदांची पात्रता

आम्ही पाहिलेल्या सर्वांत वाईट हुकलेल्या प्रवेशांत गुणांचा प्रश्नच नव्हता. एका मुलीला गुण होते, जागा मिळत होती, पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत हातात पडलं नाही. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. अनुसूचित जाती आणि जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागतं, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे अनेकांना ऐनवेळी कळतं. ही कामं बारावीच्या निकालानंतर करायची नसतात. ती अकरावीतच सुरू करायची असतात. वर्गशिक्षकानं जुलैमध्ये एक तास या कागदांसाठी राखून ठेवला, तर जून महिन्यातले कितीतरी हेलपाटे वाचतील.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना राजर्षी शाहू महाराजांची आठवण होणं अपरिहार्य आहे. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं त्यांनी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. पण त्याच्या आदल्या वर्षीच, १९०१ साली, त्यांनी कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं होतं, आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. राजाराम कॉलेज १८८० पासून होतंच. त्याचं दार कागदोपत्री उघडं होतं. पण खेड्यातल्या पोरानं शहरात राहायचं कुठे आणि खायचं काय, हे ठरल्याशिवाय त्या उघड्या दाराचा उपयोग नव्हता. अट पुरी करायची तर आधी ती माहीत हवी, आणि ती पुरी करण्याची सोय हवी. आज माहिती देण्याचं काम वसतिगृहाइतकंच महत्त्वाचं झालं आहे, आणि ते शिक्षकांच्या हातात आहे.

वर्गात करून पाहा

एखाद्या घटक चाचणीचे सर्वांचे गुण नावं न लिहिता फळ्यावर उतरत्या क्रमानं मांडा. प्रत्येकानं आपला पर्सेंटाइल काढायचा. मग वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा आणि प्रत्येक गटात तोच पर्सेंटाइल पुन्हा काढा. आकडे बदलतील. किती बदलले ते लिहून ठेवा. मग विचारा: वर्गात चाळीसऐवजी चार हजार मुलं असती तर आकडे एवढेच हलले असते का? सातव्या दशांश स्थळाचा गर्व आणि धाक, दोन्ही त्या एका तासात कमी होतील.

राधानगरीच्या त्या मुलानं शेवटी यादी आपल्या मनाच्या क्रमानं भरली. संगणक शाखा वरती, आणि त्याखाली त्याला खरोखर आवडणारी यंत्र अभियांत्रिकी. त्याला यंत्र अभियांत्रिकी मिळाली. यादी भरताना वडील शेजारी बसले होते. उठताना त्यांनी आम्हाला विचारलं, "आमच्या धाकटीचं आता अकरावीचं हाय. तिचं गणित ठेवावं का सोडावं?" आम्ही म्हटलं, "तिलाच घेऊन या. तिला विचारू."